ग्रीन कार्डवरून अमेरिकेचं नागरिकत्व : गावी ये-जा करणाऱ्यांनी अर्ज कसा भरावा

दापोली, गुहागर, देवगडकडचे कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेत ग्रीन कार्डवर असतात आणि वर्षातले काही महिने गावच्या घरी येऊन राहतात. नागरिकत्वाच्या अर्जाची वेळ आली की त्यांना जे सल्ले मिळतात ते ऐकून माझा जीव खालीवर होतो. ‘वर्षातून एकदा तिकडे पाय लावून आलं की झालं’ हा त्यातला सर्वांत घातक. नुसता पाय लावून ग्रीन कार्डसुद्धा टिकेल याची खात्री नसते, नागरिकत्व तर दूरच.

वय १८ पूर्ण हवं आणि ग्रीन कार्ड मिळून ५ वर्षं झालेली हवीत. जोडीदार गेली ३ वर्षं अमेरिकी नागरिक असेल आणि तेवढा काळ त्याच्यासोबत राहत असाल तर ३ वर्षं पुरतात. अर्जाचं नाव एन-४००, तो ऑनलाइन भरा. ही ५ किंवा ३ वर्षं पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो. त्याहून आधी भरलात तर अर्ज नामंजूर होतो आणि फी बुडते.

आता अर्जातला प्रवासांचा तक्ता. सासूबाईंचा अर्ज भरताना मी याच पानाशी कित्येक रात्री झगडले आहे. त्यानंतर ज्यांचे ज्यांचे अर्ज भरून दिले, ते सगळे इथेच अडखळले.

गेल्या ५ वर्षांत अमेरिकेबाहेर २४ तास किंवा जास्त राहिलेला प्रत्येक प्रवास यात लिहायचा असतो. सरकार त्यातून दोन वेगळ्या गोष्टी तपासतं आणि लोक नेमक्या त्याच एकात एक मिसळतात. पहिली, ५ वर्षांत एकूण किमान ३० महिने तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत होतात का (३ वर्षांच्या नियमात १८ महिने). ही निव्वळ बेरीज आहे. निघाल्याचा आणि परतल्याचा असे दोन्ही दिवस अमेरिकेतले धरतात. दुसरी, तुमचं वास्तव्य सलग होतं का. अमेरिकेबाहेरचा एकच मुक्काम ६ महिन्यांच्या वर गेला की ते तुटलं असं गृहीत धरलं जातं आणि तुटलं नाही हे पुराव्यानिशी तुम्हाला सिद्ध करावं लागतं. मुक्काम वर्षाचा किंवा त्याहून मोठा झाला तर पुराव्याचाही उपयोग नाही. परत आल्यावर किमान ४ वर्षं १ दिवस थांबून नवा अर्ज करावा लागतो.

आपली माणसं फसतात ती ‘गणपतीला येऊ, शिमगा करून जाऊ’ या बेतात. २०२४ची चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ची होळी १३ मार्चला. ३ सप्टेंबरला अमेरिकेतून निघालेला माणूस पालखी घरी येऊन गेल्यावर १८ मार्चला परतला, तर साडेसहा महिने झाले. त्याच्या मनात मात्र ‘सणापुरता गावी गेलो होतो’ एवढंच असतं. माझं ठाम मत आहे की एका खेपेला पाच महिन्यांपेक्षा जास्त राहू नये. ऐनवेळी आजारपण आलं, विमान रद्द झालं, तर हाताशी महिनाभर हवा.

‘रीएन्ट्री परमिट (बाहेर जास्त दिवस राहून परत येण्याचा परवाना) काढा, मग दोन वर्षं निर्धास्त’ असंही सांगतात. ते परमिट ग्रीन कार्ड सांभाळायला मदत करतं. नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य त्याने वाचत नाही.

तारखा आठवणीतून लिहू नका. चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला आली, २०२५ साली २७ ऑगस्टला. सणावरून तारीख काढली की हमखास चुकते. पासपोर्टवरचे शिक्केही जसेच्या तसे उतरवू नका. अर्जात अमेरिका सोडल्याची तारीख हवी असते आणि मुंबईचा शिक्का बहुधा दुसऱ्या दिवसाचा असतो. परतताना ग्रीन कार्डवाल्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेत शिक्का बसेलच असं नाही. म्हणून जुन्या ईमेलमधून तिकिटं शोधा आणि शिक्क्यांशी ताडून बघा. शिवाय तिथे महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ५ जून आणि ६ मे यांची अदलाबदल झाली तर मुलाखतीत उत्तर देता देता नाकी नऊ येतात, कारण तुमच्या ये-जाची सरकारी नोंद अधिकाऱ्यासमोर असते.

सहा महिन्यांची रेघ ओलांडून गेली असेल तर लपवू नका, पुरावे जमवा. मुलाच्या घरी राहणाऱ्या आईवडिलांच्या नावावर ना भाडेकरार असतो, ना विजेचं बिल. त्यांनी पहिल्या वर्षापासूनच स्वतःच्या नावाचं बँक खातं, राज्याचं ओळखपत्र आणि डॉक्टरांकडचे कागद जपावेत. टॅक्स भरायचा असेल तर नॉन-रेसिडेंट, म्हणजे अमेरिकेचा रहिवासी नसलेला, म्हणून कधीच भरू नये.

पुढचं सोपं आहे. बोटांचे ठसे, मग मुलाखत, शेवटी नागरिकत्वाची शपथ. २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर अर्ज केलेल्यांसाठी नागरिकशास्त्राच्या १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. ‘म्हाताऱ्यांना इंग्रजी माफ असतं’ यावर विसंबू नका. वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, अशांनाच ती सूट आहे. त्यांना नागरिकशास्त्राची उत्तरं दुभाष्यामार्फत मराठीत देता येतात. पाचच वर्षं झालेल्या सत्तरीच्या आजींना इंग्रजी वाचून, लिहून दाखवावंच लागतं. तेव्हा सरावाला लवकर बसवा.

शपथ होईपर्यंत तिकडे मतदार यादीत नाव घालू नका, कोणी फॉर्म पुढे केला तरी.

शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. तो रीतसर जमा करून सरेंडर सर्टिफिकेट (पासपोर्ट परत केल्याचा दाखला) घ्या आणि ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करा. इथे भारतात मतदान करता येणार नाही. गावच्या जमिनीबद्दल मात्र उगाच घाबरवलं जातं. वडिलोपार्जित कलमांची बाग वारसाहक्काने तुमच्याकडे येऊ शकते, आधीची असेल तर तुमचीच राहते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि असलेली विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. त्यामुळे सातबाऱ्यावरची वारस नोंद राहिली असेल तर पुढच्या गावच्या फेरीत आधी तलाठ्याकडे जाऊन ती करून घ्या.