पोर्तुगीजच्या ऑनलाइन वर्गात आधी आवाज सांभाळा

गोव्यात बसून लिस्बनच्या शिक्षकांकडे व्हिडिओ वर्गात पोर्तुगीज शिकणाऱ्यांनी कॅमेऱ्यापेक्षा आवाजाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण या भाषेत पुष्कळदा अर्थाचा फरक केवळ स्वर नाकातून निघतो की नाही, एवढ्यावरच ठरतो. आपला पाव ज्या शब्दावरून आला, तो अनुनासिक न उच्चारता सरळ ‘पाव’ म्हटला, तर ऐकणाऱ्याला तो पोळी-पावाचा नव्हे, काठीचा शब्द वाटतो. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू होताच अनेकदा आवाजाचा दर्जा घसरतो आणि नेमका हाच बारकावा हरवतो. त्यापेक्षा साधा वायरचा इअरफोन बरा. झूममधील गोंगाट दाबणारी सोय पत्र्यावर पाऊस कोसळत असताना उपकारकच ठरते (फोंड्यातल्या आमच्या पडवीत जुलैमध्ये तिच्यावाचून गत्यंतर नसते), परंतु शांत खोलीत उच्चारांचा सराव करताना ती कमी पातळीवर ठेवावी. विनामूल्य खात्यावरील बैठक 40 मिनिटांनी संपते, म्हणून उच्चार आधी घ्यावेत, व्याकरण मागाहून.

वीज जाईल हे गृहीत धरून मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवावा.

पोर्तुगालमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे केली जातात. त्यामुळे तिथल्या दुपारी 3 चा वर्ग आपल्याकडे हिवाळ्यात रात्री 8.30 ला आणि उन्हाळ्यात संध्याकाळी 7.30 ला भरतो. हे ध्यानात न राहिल्याने माझी एक तासिका रिकाम्या पडद्यासमोर बसण्यात गेली.