जुनं सॉफ्टवेअर बंद करायचंय? आधी प्रिंटरपाशी खुर्ची टाका

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी पंचवीस वर्षं काढली. डॉस या विंडोजच्याही आधीच्या प्रणालीवर चालणाऱ्या फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेली आमची जुनी सिस्टीम बंद करायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. नवी बसवायला आठ महिने लागले, जुनी काढायला तीन हंगाम. बँकेत असा, दूध संघात असा नाहीतर सूतगिरणीत, थोड्याफार फरकानं तुमचंही असंच होणार.

काढायचीच कशाला, चाललंय की, असं म्हणणारे भेटतीलच. त्यांना एवढंच सांगा की ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत. ज्या जुन्या विंडोजवर ते चालायचे, त्यातल्या एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. जुनी मशीनं आम्ही सुट्या भागांवर जगवत होतो. एकाचा पॉवर सप्लाय दुसऱ्याला, दुसऱ्याची रॅम तिसऱ्याला.

नवी चालू झाली की जुनी आपोआप बंद होते, असं संचालक मंडळाच्या ठरावात असतं. प्रत्यक्षात जुनीला कोण कोण टेकून उभं आहे हे कुणालाच पुरतं माहीत नसतं. ते मीटिंग बोलावून कळत नाही. मीटिंगमध्ये प्रत्येक खातेप्रमुख "आमचं सगळं नव्यावर आलंय मॅडम" म्हणतो. त्यापेक्षा जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरपाशी दिवसभर खुर्ची टाकून बसा आणि जो कागद फाडून नेईल त्याच्या मागं जा. पहिल्या दिवशी मी सात प्रकारचे कागद मोजले, त्यातले चार कुठल्याच यादीत नव्हते. एक तर रोज रात्री वॉचमनच्या केबिनमध्ये जात होता. केनयार्डात, म्हणजे कारखान्याच्या आवारात, उसाच्या किती गाड्या उभ्या आहेत त्याचा. कुणी सुरू केला, कधी केला, देव जाणे.

एक दिवस बसून भागत नाही, कारण काही कागद वर्षातून एकदाच निघतात. आमची फजिती सांगते. हंगाम संपल्यावर मे महिन्यात शेअर्स विभागाचं मशीन आम्ही बंद केलं. महिना गेला, दोन गेले, कुणी हूं की चूं केलं नाही. आम्ही खूश. दिवाळीच्या तोंडावर सभासद साखरेचं, म्हणजे सभासदांना त्यांच्या शेअर्सवर मिळणाऱ्या साखरेचं, वाटप सुरू झालं आणि एका गट ऑफिसातून, म्हणजे काही गावांसाठीच्या आमच्या शाखेतून, फोन आला. रांगेत तीस-चाळीस माणसं उभी, यादीत त्यांची नावंच नाहीत, त्यांच्या वारलेल्या वडिलांची आहेत. वारसनोंद अर्धवट राहिलेली. पण साखर कुणाच्या हातात द्यायची हे शेअर्स विभागातल्या बाई जुन्या प्रोग्रॅममधल्या 'शेरा' या रकान्यात वर्षानुवर्षं लिहीत आल्या होत्या. 'थोरला नेतो.' 'सून येते.' एके ठिकाणी 'भावांत वाद, विचारून देणे.' नव्या सिस्टीमवाल्यांनी शेरा रकाना आणलाच नव्हता. त्यांच्या लेखी ती फालतू टिपणं. मशीन गोडाऊनमधून परत आणलं, रातोरात यादी छापली आणि दुसऱ्या दिवशी त्या गट ऑफिसात मी स्वतः जाऊन उभी राहिले. बोलणी खाल्ली, चहाही मिळाला.

तेव्हापासून मी आधी बारा महिन्यांचा तक्ता काढते. आमच्याकडं त्यात ऊसनोंदी, ऊसतोड मुकादमांचे करार आणि त्यांची उचल (आगाऊ रक्कम), वार्षिक सभेचा अहवाल, दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवणं, मग गळीत, पंधरवडा बिलं, मार्चअखेर. प्रत्येक टप्प्याला जुन्यातून काय निघतं ते लिहायचं आणि तो टप्पा एकदा नव्यावर पार पडल्याशिवाय जुन्याचा तो भाग बंद करायचा नाही. गळितात तर कशालाच हात लावू नका. ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. तुमचं सॉफ्टवेअर अडकलं म्हणून तो थांबत नाही.

आता कोड. जुन्या प्रोग्रॅममधले आकडे वाचायला मूळ प्रोग्रॅमरच लागतो. आमचे रिटायर होऊन गडहिंग्लजकडं शेती करत होते. दोन रविवार त्यांच्या पडवीत बसले तेव्हा कळलं की उसाच्या जातीच्या रकान्यात ८६०३२ आणि ०२६५ या खऱ्या जातींसोबत ९९ म्हणून जी 'जात' होती, ती जात नव्हतीच. तो जळीत ऊस. ९९ दिसलं की बिलातून कपात व्हायची. नव्या सिस्टीमनं ९९ ला इमानदारीत उसाची नवी जात मानलं असतं आणि कपात शून्य. असे एकवीस आकडे निघाले. त्यांनी सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं आणि प्रत्येक पानावर त्यांची सही घेतली. माणूस हयात आहे तोवरच हे काम करून घ्या, उगाच आडपडदा नको.

डेटा काढताना दोन खड्डे हमखास लागतात. फॉक्सप्रोत रेकॉर्ड डिलीट केलं तरी ते फाईलमध्येच राहतं, त्याच्यावर फक्त खूण होते. 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ते खरं जातं. डेटा उचलणाऱ्या टूलनं ती खूण बघितली नाही तर काढून टाकलेले सभासद परत जिवंत होतात. आमच्याकडं पहिल्या खेपेला झाले. निवडणुकीचं वर्ष असतं तर माझं काही खरं नव्हतं! दुसरा खड्डा मराठी नावांचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत अक्षरानंतर. सरळ बदल केला की 'शिरोळ'ची वेलांटी निराधार लोंबकळते. गावांची नावं शंभरेक असतात, ती हातानं तपासा. आडनावांत रफार असला की डोळ्यांत तेल घालून बघा, 'शिर्के' हे माझं परीक्षेचं नाव.

जुळणी नगांवर सोडू नका. रेकॉर्ड तितकीच आहेत म्हणजे डेटा बरोबर आहे असं नव्हे. हंगामवार टनेज, गटवार बिलाची रक्कम, शेअर्सची बेरीज, तिन्ही जुन्या-नव्यात पैशापर्यंत जुळवा आणि त्या कागदावर लेखापरीक्षकांची सही घ्या. आम्ही चार पंधरवडा बिलं दोन्हीकडं काढली. लोक वैतागतात, दुप्पट काम पडतं. पडू दे.

मग बोंब चाचणी. जुनं मशीन थेट बंद करायचं नाही, आधी नव्या नोंदी बंद करून फक्त वाचता येईल असं ठेवायचं. काही दिवसांनी नेटवर्कची वायर काढायची आणि कोण बोंब मारत येतंय ते बघायचं. जो येईल त्याच्यावर ओरडू नका, त्यानं तुमचं काम केलंय.

माहिती किती वर्षं ठेवायची? जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. जीएसटी येण्याआधीचा, म्हणजे जुलै २०१७ च्या आधीचा, अबकारीचा (उत्पादन शुल्काचा) एखादा वाद अजून चालू असेल तर तेही. पगाराचं रेकॉर्ड तर फेकूच नका. पीएफच्या वाढीव पेन्शनबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि कामगारांचे थेट १९९५ पासूनचे पगार मागितले गेले. ज्यांनी जुन्या फाईली पुसल्या होत्या ते मस्टरचे गठ्ठे उपसत बसले. डेटा साध्या मजकुराच्या फाईलमध्ये काढा, जी उघडायला खास सॉफ्टवेअर लागत नाही, आणि सोबत ती सह्यांची वही स्कॅन करून ठेवा. दोन प्रती, दोन गावांत. २०१९ च्या पुरात पंचगंगेची धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात खालच्या कपाटात ठेवलेल्या बॅकअपच्या सीड्या चिखलात सापडल्या. पन्हाळ्यावर नेऊन ठेवा म्हणत नाही, पण तळमजल्यावर नको.

शेवटी राहतं निर्लेखन, म्हणजे जुनी यंत्रं हिशोबातून काढून टाकणं. देखभालीचा करार लेखी रद्द करा, नाहीतर बिल येत राहतं. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कायमच्या वस्तूंची नोंदवही, घेऊन एकेक मशीन प्रत्यक्ष बघा. हार्ड डिस्क काढून नष्ट केल्याशिवाय काहीही भंगारात देऊ नका, त्यात सभासदांचे आधार आणि बँक खाते क्रमांक असतात. बाकीचा सांगाडा ई-कचऱ्याच्या परवानाधारकाकडंच द्या. आमच्या रजिस्टरला पाच मशीनं होती, सापडली चार. पाचवं दोन दिवसांनी वजनकाट्यावर मिळालं, प्रिंटरखाली पाट म्हणून. काट्यावरचे काका म्हणाले, "राहू दे की मॅडम, उंची बरोबर बसलीय." डिस्क काढून घेतली, पाट तिथंच ठेवला.