नवी एसएसडी डिस्क बसवून विंडोज टाकताना

पेनड्राइव्ह लावायच्या आधी काढलेली जुनी डिस्क उजेडात धरा आणि तिच्या सोनेरी पट्ट्या बघा. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत काही पावसाळे काढलेल्या मशीनमध्ये त्यांवर काळपट, कधी हिरवट थर बसतो. तोच थर मदरबोर्डवर डिस्क जोडायच्या साटा सॉकेटमध्येही असतो. नवी डिस्क तशीच खुपसली तर ती कधी दिसते, कधी गायब होते आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकतं. मग बिचारी नवी डिस्क खराब ठरून दुकानात परत जाते. मशीनची वीज काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीचा कनेक्टरही सोडवा. जुन्या मऊ टूथब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सॉकेट हलक्या हाताने घासा आणि पूर्ण सुकू द्या. डेस्कटॉपला साटा केबल नवीच घाला, ती स्वस्त असते.

लॅपटॉपची जुनी डिस्क बहुतेकदा साडेनऊ मिलिमीटर जाडीची असते, एसएसडी सात मिलिमीटरची. जुनी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) आणि स्क्रू वापरा. फट उरली तर प्लास्टिकचा स्पेसर लावा, नाहीतर बॅग हलली की कनेक्टर सैल होतो.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे धरून. दुसऱ्या चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून चालवा, इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह तेच तयार करतं. डाउनलोड मोठं आहे, तेव्हा रेंज धड असेल तेव्हाच लावा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकणं जास्त शहाणपणाचं.

डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज असल्याशिवाय सुरुवात करू नका. जून ते सप्टेंबर तर त्याशिवाय नाहीच. ढग गडगडायला लागले तर काम उद्यावर टाका.

चालू करताच बूट मेनूची कळ दाबत राहा: डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख बघा. ती मागच्या काळात गेली असेल तर सीआर२०३२ सेल बदला, नाहीतर पुढे अपडेट आणि वेबसाइट सर्टिफिकेटच्या चुका दाखवतील. तिथेच बूट मोड यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) ठेवा.

आता नेमकी अडचण. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर सेटअपच्या यादीत डिस्कच दिसत नाही. तिथे गाऱ्हाणं घालून भागत नाही, व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) चा ड्रायव्हर द्यावा लागतो. त्यासाठी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर आधीच उतरवा आणि फाइल उलगडून त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. मग ‘लोड ड्रायव्हर’मधून ते दाखवा, डिस्क लगेच यादीत येते.

मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर तिची केबल तेवढ्यापुरती काढा. नाहीतर विंडोज बूटचा भाग त्या डिस्कवर ठेवू शकतं आणि पुढे ती काढलीत की मशीन उठतच नाही. नव्या डिस्कवर ‘अनअलोकेटेड स्पेस’ निवडून नेक्स्ट दाबा, पार्टिशन ते स्वतः करतं. ५१२ जीबीची डिस्क ४७६ दिसली तर दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी. एमबीआरची (जुन्या पार्टिशन पद्धतीची) तक्रार आली तर शिफ्ट आणि एफ१० दाबा, उघडलेल्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट टाइप करा, योग्य डिस्क निवडा, मग क्लीन आणि कन्व्हर्ट जीपीटी (नवी पद्धत). क्लीनने निवडलेली डिस्क कोरी होते, म्हणून लिस्ट डिस्कमध्ये आकार बघूनच नंबर घ्या.

पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढा. तो राहिला तर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. की विचारली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ निवडा. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, फक्त डिस्क बदलल्याने तो जात नाही. मात्र आवृत्ती पूर्वीचीच हवी: होम सिंगल लँग्वेज होती तर तीच. वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि बाकीचे ड्रायव्हर त्यावरच उतरवा.

जुनी डिस्क साटा-यूएसबी केबलने जोडा. अडीच इंचीला एवढं पुरतं, साडेतीन इंचीला बारा व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. टकटक आवाज येत असेल तर उगाच उघडझाप नको, आधी हवं तेच कॉपी करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. यूझर्स फोल्डर घेताना दोन जागा हमखास राहतात: हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर आणि विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर. आंब्याच्या पेट्यांची जुनी बिलं युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेली असतील, तर तो फॉन्ट नव्या मशीनवर नसताना ती उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. नव्या टायपिंगसाठी भाषेच्या सेटिंगमधून मराठी फोनेटिक घ्या.

फाइली उघडून तपासेपर्यंत जुन्या डिस्कला फॉरमॅट मारू नका. सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर तारखेची चिठ्ठी चिकटवा.