सल काढायच्या आधी चेनसॉच्या चेनला कानस लावा

मृग बहराची संत्री उतरली की वरुड, मोर्शी, काटोलकडच्या बागांत सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढणं सुरू होतं. तिकडे पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून वावर मोकळं झालेलं असतं, धुऱ्यावरच्या बाभळी छाटायच्या असतात, पावसाळ्याचं सरपण भरायचं असतं. मधेच एखादं अवकाळी वादळ पांदणीवर झाड आडवं करून जातं. वर्षभर कोठ्यात पडलेली चेनसॉ याच दिवसांत बाहेर निघते आणि पहिल्याच दिवशी तक्रार येते, मशीनमध्ये दम राहिला नाही.

दम बहुतेक वेळा मशीनचा नाही, चेनचा गेलेला असतो. खाली पडणारा भुसा पाहा. धार असलेली चेन लाकडाचे जाडसर कपचे फेकते. पिठासारखी भुकटी पडू लागली, मशीनवर वजन टाकावं लागलं, चेनला तेल असूनही धूर निघाला, की थांबा. ओढूनताणून कापत राहिलात तर चेन जिच्यावर फिरते ती पट्टी तापते, पेट्रोल जास्त जातं आणि हाताला मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

बरेच जण अशी चेन तालुक्याला नेऊन ग्राइंडरवर घासून आणतात. घाईनं घासलेला दात निळा पडतो, म्हणजे त्याचं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलं. पुढे त्याची धार टिकत नाही. हातातली गोल कानस बरी, आणि ती बांधावर, झाडाच्या सावलीतही चालते.

कानस मात्र मापाचीच हवी. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या ५८ सीसीच्या मशीनला बहुधा ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन असते, तिला ४.८ मिमीची कानस लागते. छोट्या मशीनच्या ३/८ इंच लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) चेनला ४ मिमी. पिच बहुधा पट्टीवर इंजिनाच्या बाजूला कोरलेला असतो. तो वाचून दुकानात जा, अंदाजानं आणू नका. बारीक कानशीनं दाताला खोल खाच पडते आणि धार लवकर मोडते, जाड कानशीनं दात लाकडात रुततच नाही.

मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात मोजे. पट्टी व्हाइसमध्ये (शिकंजात) धरा. नसेल तर जाड ओंडक्याला खाच पाडून त्यात पक्की बसवा. चेन नेहमीपेक्षा थोडी ताणा, म्हणजे दात हलणार नाही. पहिल्या दातावर मार्करचा ठिपका द्या. दाताच्या वरच्या पानावर तिरकी रेघ असते, ती साधारण ३० अंशांची. कानस त्या रेघेला समांतर आणि आडवी ठेवा. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे. दाताच्या आतून बाहेर ढकला, परत येताना उचलून घ्या. मागेपुढे घासलं की कानसच मरते. रोजच्या धारेला दोन-तीन हात पुरे. एका बाजूचे सगळे दात झाले की पलीकडून दुसऱ्या बाजूचे, तेवढेच हात मारून.

ही बरोबरी मी एकदा मोडली होती. धुऱ्यावरच्या जुन्या बाभळीला कधी काळी काटेरी तार ठोकलेली, ती खोडानं गिळलेली. नवी चेन त्यावर गेली, ठिणग्या उडाल्या, एका बाजूचे चार-पाच दात गेले. मी तेवढेच घासून मोकळा झालो, तर काप तिरका जाऊन पट्टी अडकायला लागली. सर्वांत आखूड झालेला दात धरायचा आणि बाकी सगळे त्याच्याएवढे करायचे. संध्याकाळ जाते, पण दुसरा इलाज नाही. तार-खिळ्यांसाठी खोड आधी नीट न्याहाळा, आणि मातीला टेकलेलं लाकूड खालून दगड देऊन उचला. माती क्षणभर लागली तरी धार जाते.

तीन-चार वेळा धार लावूनही चेन कापत नसेल, तर दातापुढचा उंचवटा पाहा. दात घासून खाली येतो, उंचवटा तिथंच राहतो, मग दात लाकडाला पोचत नाही. दाताचं टोक आणि उंचवटा यांच्या उंचीतला फरक बहुतेक चेनला ०.६५ मिमी लागतो. हा फरक मोजायचं गेज चेनवर ठेवून वर आलेला भाग चपट्या कानशीनं उतरवा, पुढची कड गोल करा. नजरेनं उतरवू नका. जास्त उतरला की चेन हिसके देते, मशीन अंगावर उसळू शकते. दात ४ मिमीहून आखूड झाला की चेन बदला.

संत्र्यात याचं महत्त्व आणखी. बोथट चेन साल फाडते आणि फाटलेली जखम लवकर भरत नाही. बारीक सल कात्रीनंच काढा, चेनसॉ फक्त जाड फांदीला. काप वाळलेल्या भागाच्या खाली, हिरव्या भागातून दोनेक सेंमी घ्या आणि बोर्डो मलम लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. साग, मोह, आंबा, चिंच बांधावर असली तरी तोडायला परवानगी लागते, ती आधी घ्या.

दिवस संपला की चेन सैल करून ठेवा. तापलेली चेन थंड होताना आकसते आणि पट्टीवर ताण येतो. सकाळी परत ताणा, आणि टाकी भरताना दर वेळी दोन हात कानस.