जर्मन अधिकाऱ्याचा युद्धकालीन चामडी ओव्हरकोट : कसा तपासावा, कसा सांभाळावा

दुसऱ्या महायुद्धातले म्हणून विकायला येणारे चामडी कोट पुष्कळ असतात. त्यातले खरंच त्या काळचे कमी, आणि लष्करी अधिकाऱ्याच्या अंगावरचे त्याहून कमी. जर्मन सैन्यात साध्या सैनिकाला कपडे सरकारी कोठारातून मिळत. अधिकारी मात्र आपला गणवेश स्वतः विकत घेई किंवा शिंप्याकडून शिवून घेई. चामड्याचा कोट तर निव्वळ हौसेचा आणि ऐपतीचा मामला होता. त्यामुळे सैनिकाच्या कोटाच्या अस्तरावर असतात तसे मापाचे नि पुरवठ्याचे शिक्के इथे बहुधा सापडत नाहीत. शिक्का नाही म्हणून कोट खोटा ठरत नाही. निवाडा शिवणीवर करायचा.

पायरी १ : कोट कुठल्या जातीचा आहे ते ठरवा

समोर बटणांच्या दोन रांगा, रुंद कॉलर, पाठीवर कमरेशी पट्टा आणि पोटरीपर्यंत लांबी, ही साधारण ठेवण. भूदलाचा रंग हिरवट करडा, हवाई दलाचा निळसर करडा, नौदलाचा गडद निळा किंवा काळा. पण याच ठेवणीचे कोट त्या काळात सामान्य नागरिकही वापरत, आणि युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या पोलिसांनीही चामडी कोट वापरले. मोटारसायकलस्वारांचा रबर चढवलेल्या कापडाचा कोट ही वेगळीच वस्तू. जाहिरातीत तोही कधीकधी 'लेदर' म्हणून खपवला जातो.

पायरी २ : खांदे तपासा, आणि सावकाश तपासा

अधिकाऱ्याचा हुद्दा कोटावर दिसे तो खांद्यावरच्या सुट्या पट्ट्यांवरून. त्या अडकवायला बाहीच्या शिवणीजवळ एक अरुंद पट्टी आणि कॉलरजवळ छोटं बटण असे. नागरी कोटाला 'लष्करी' करायचा तर एवढीच भर पुरते, म्हणून लबाडी इथेच होते.

चामड्याचा एक गुण आपल्या कामी येतो : सुईचं भोक एकदा पडलं की बुजत नाही. भिंग घ्या आणि खांद्यावर बाजूने उजेड टाका. जुन्या भोकांच्या कडा मळलेल्या, दबलेल्या असतात, दोरा चामड्यात रुतलेला असतो. नव्या भोकांच्या कडा उभ्या आणि आतून फिक्या दिसतात. मग कोट उलटा करून त्याच जागेचं अस्तर बघा. ते उसवून पुन्हा शिवलेलं वाटलं, टाक्यांची लांबी बाकीच्या शिवणीपेक्षा वेगळी असली, तर भाव पाडून मागा किंवा सरळ पुढे चला. पट्ट्या वर्षानुवर्षं बसलेल्या असतील तर त्यांच्याखालचा रंगही आजूबाजूपेक्षा कमी उडालेला दिसायला हवा.

कॉलरवर किंवा छातीवर शिवलेली चिन्हं असतील तर संशय आणखी वाढवा. चामडी कोटावर ती सहसा लावत नसत.

पायरी ३ : दोरा आणि लेबल

पॉलिएस्टरचा दोरा बाजारात आला तो युद्धानंतर. मालकाची परवानगी घेऊन आतल्या बाजूचा सुटा दोरा चिमट्यात धरून जाळा : सुती दोरा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुंडी होते. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्चही उपयोगी. दोरा किंवा लेबल निळसर पांढरं चमकलं तर ते बहुतेक युद्धोत्तर. मात्र सुटं अस्तर कुणी नंतर साबणाच्या पावडरीत धुतलं असेल तर जुनं कापडही चमकतं.

शिंप्याचं लेबल बऱ्याचदा आतल्या खिशात असतं, आणि नशीब असेल तर त्यावर गिऱ्हाइकाचं नाव नि तारीखही. लेबलावर 'वेस्टर्न जर्मनी' किंवा 'डीडीआर' (म्हणजे पूर्व जर्मनी) असेल तर तो १९४९ नंतरचा. चार आकडी पोस्टाचा पिनकोड असेल तर आणखी अलीकडचा, १९६० च्या दशकातला किंवा पुढचा.

पायरी ४ : विक्रेत्याची गोष्ट बाजूला ठेवा

'एसएस अधिकाऱ्याचा' असं म्हटलं की किंमत चढते. पण कोटाची ठेवण तीच, फरक सुट्या चिन्हांचा. मग नाव, फोटो किंवा कागदपत्रं नसतील तर हा दावा टिकणार कशावर? शिवाय एसएस म्हणजे छळछावण्या चालवणारी संघटना. त्या नावासाठी जास्त पैसे मोजावेत, हे मला तरी पटत नाही. जर्मनीत नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण अशा कामांना सूट आहे. तिथून खरेदी करताना चिन्हं झाकलेले फोटो दिसतात ते यामुळेच.

पायरी ५ : घरी आणल्यावर

आधी पांढरं सुती फडकं काखेत आणि कॉलरच्या घडीवर हलकेच फिरवा. तांबूस भुकटी लागली तर चामडं आतून कुजतंय. अशा जागी ओलं फडकं लावू नका, कायमचे काळे डाग पडतात. भुकटी नसेल तर मऊ ब्रशने धूळ झाडा आणि थांबा. खोबरेल तेल, बूटपॉलिश काहीही चोळायचं नाही. तेलाने रंग काळवंडतो आणि धूळ चिकटते.

कोट जड असतो, तारेच्या हँगरवर खांदे फाटतात. रुंद, कापड गुंडाळलेला हँगर वापरा, वर धुतलेल्या सुती कापडाची पिशवी. प्लास्टिकचं कव्हर नको. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे अवघडच. तेव्हा भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा आणि दर आठवड्याला कॉलरखाली बघा, बुरशी बहुधा तिथूनच सुरू होते. दिसली तर कोट घराबाहेर सावलीत न्या, तोंडाला मास्क लावा आणि कोरड्या ब्रशने झाडा. उन्हात टाकू नका.