बेस गिटारचा टोन: बोटापासून स्पीकरपर्यंत

आपल्याकडे बेस गिटारचा बराचसा सराव दहा बाय बाराच्या खोलीत होतो आणि टोनविषयीचे बरेचसे गैरसमजही तिथेच जन्माला येतात. बारा फुटांवर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा (सेकंदाला ४७ कंपनांचा) नाद घुमतो आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा. आता बेसकडे पाहा. सर्वांत जाड ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एफ शार्प ४६ हर्ट्झच्या थोडा वर असतो आणि मोकळी ए तार बरोबर ५५ हर्ट्झवर. हे दोन स्वर वाजवले की कपाटाची दारे थरथरतात, इतर काही स्वर मात्र पोकळ वाटतात, आणि वादक गिटारला किंवा अ‍ॅम्पला (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला) दोष देत एकेक बटण फिरवत बसतो. टोन बसवायला घेण्यापूर्वी अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढावा, भिंतीपासून थोडा लांब ठेवावा आणि एखाद्या भक्कम खुर्चीवर किंवा स्टुलावर चढवावा. जमिनीवर ठेवलेल्या अ‍ॅम्पचे तिखट स्वर आपल्या गुडघ्यांना ऐकू जातात आणि कानांपर्यंत पोहोचतो तो फक्त गोंगाट. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

पुढचा क्रम मी असा सांगेन: आधी हात, मग तारा, मग पिकअप (तारेची कंपने विद्युत सिग्नलमध्ये बदलणारा चुंबकीय भाग), त्यानंतर अ‍ॅम्प आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी), आणि सर्वांत शेवटी पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची पेटी). खर्चही याच क्रमाने करावा. दुर्दैवाने बहुतेक जण नेमका उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

हात आणि तारा

एक साधा प्रयोग करावा. ई तारेवर पाचव्या फ्रेटवरचा ए धरावा आणि उजव्या हाताने तीच तार आधी फ्रेटबोर्डच्या टोकाजवळ, मग पिकअपवर आणि शेवटी ब्रिजपासून (तारा गिटारच्या खोडावर टेकतात तिथून) चार बोटांवर छेडावी. स्वर तोच राहतो. पण पहिल्या ठिकाणी तो गोल आणि मऊ, तर शेवटच्या ठिकाणी घट्ट, किंचित नाकातून आल्यासारखा ऐकू येतो. अ‍ॅम्पची कोणतीही दोन बटणे मिळून जेवढा फरक पाडतील, त्याहून हा फरक मोठा असतो. बोटाचे टोक लावले की कडा येते, बोटाचा मांसल भाग लावला की गोलाई येते. फार जोरात छेडल्यास तार फ्रेटवर आपटून कटकट होते आणि मूळ स्वर उलट दबतो. म्हणून अ‍ॅम्पचा आवाज थोडा वाढवून हात हलका ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

तारांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. राउंडवाउंड तारेवर गोल तार गुंडाळलेली असते. तिचा स्पर्श खरखरीत आणि आवाज चमकदार असतो. फ्लॅटवाउंड तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. ती गुळगुळीत असते आणि तिचा स्वर जाड, ठोस उमटून लवकर विरतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांमध्ये वाजवणारे जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंड तारा वर्षानुवर्षे बदलत नसत आणि जवळजवळ सगळे उजव्या हाताच्या तर्जनीने वाजवत. त्यांचा बेस बऱ्याचदा अ‍ॅम्पशिवाय थेट ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरमध्ये जात असे. याउलट अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी फ्रेट काढलेल्या ‘जॅझ बेस’ या मॉडेलवर राउंडवाउंड तारा लावल्या, ब्रिजजवळच्या पिकअपवर भर दिला आणि त्यांचा तो गाणारा, गुणगुणणारा स्वर तयार झाला. या दोघांची वाद्ये एकाच, फेंडर कंपनीची होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात राउंडवाउंड तारा भराभर निस्तेज होतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसावी. खालची बाजू सगळे विसरतात आणि गंज तिथूनच चढतो.

पिकअप आणि गिटारवरची बटणे

लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ साली बाजारात आला आणि त्याला आज ओळखला जाणारा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ साली मिळाला. जॅझ बेस १९६० सालचा. आज दुकानात दिसणारे बहुतेक बेस या दोहोंपैकी एकाचे नातलग असतात. प्रिसिजनचा आवाज मध्यभागी भरलेला असतो आणि बँडमध्ये तो आपोआप आपली जागा शोधतो. जॅझमध्ये दोन पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडले की मधला भाग थोडा खचतो आणि आवाज मोकळा, स्वच्छ होतो, तर एकाचे बटण किंचित मागे घेतले की मधला भाग परत येतो. मात्र दोन्ही सारखे उघडे असताना एकमेकांची घरघर रद्द करणारे हे पिकअप, एक कमी केला की पुन्हा घरघरू लागतात.

पिकअपच्या उंचीकडे फार कमी लोक लक्ष देतात. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि तारेचा तळ व पिकअप यांमध्ये साधारण अडीच ते तीन मिलिमीटर अंतर आहे का ते पाहावे. जाड तारांच्या बाजूला अंतर थोडे जास्त ठेवावे. पिकअप फार जवळ आला तर त्यातील चुंबक तारेला ओढतो, स्वर लांबत नाही आणि कधीकधी वरच्या फ्रेटवर बेसूरही वाटतो. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि चारही तारा सारख्या जोराने वाजवून पाहाव्यात. एखादी तार मागे पडत असेल तर अ‍ॅम्पवर ती कधीच सापडत नाही.

आत बॅटरी असलेल्या म्हणजे अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्ची पडत राहते. सराव संपला की केबल काढून ठेवावी. पॅसिव्ह बेसला केबलच्या लांबीचा फटका बसतो: ती जितकी लांब, तितका वरचा उजेड कमी. घरात पाच-सहा मीटर पुरे होतात.

अ‍ॅम्प: मधला भाग कधी कापू नये

सोसायटीच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा वाजवले तेव्हा मी अ‍ॅम्पवर बेस (खालचा भाग) आणि ट्रेबल (वरचा भाग) दोन्ही वर आणि मिड (मधला भाग) पूर्ण खाली ठेवले होते. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज भव्य वाटायचा. मध्यंतरात प्रेक्षकांत बसलेला मित्र जवळ येऊन म्हणाला, "अरे, तू वाजवत होतास ना? दिसत होतास, ऐकू काही येत नव्हतं." त्याचे बरोबर होते. खालचा सगळा भाग ढोलकी आणि बेस ड्रमने खाल्ला होता, वरचा झांजांनी, आणि बेसची ओळख ज्या मधल्या भागात असते तो मीच फेकून दिला होता.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो, पण लहान स्पीकरमधून तो जवळजवळ बाहेरच पडत नाही. आपला कान ८२, १२४, १६५ अशा त्याच्या पटीतल्या उपस्वरांवरून खालचा स्वर मनातल्या मनात पूर्ण करून घेतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही बेसची चाल ओळखू येते ती यामुळेच. म्हणून बेस ठळक करायचा असेल तर खर्ज वाढवण्याआधी मधला भाग शोधावा.

आरंभी सगळी बटणे मध्यावर ठेवावीत. मग बँडबरोबर, निदान तालाच्या ट्रॅकबरोबर, वाजवावे आणि एका वेळी एकच बटण हलवावे. ८० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात वजन असते; २०० ते ४०० मध्ये ऊब असते, पण जास्त झाली तर चिखल होतो; ५०० ते ८०० मध्ये गुरगुर असते आणि गर्दीतून वाट काढणारा आवाज तोच; दोन-तीन हजारांच्या वर बोटाची आणि फ्रेटची टकटक असते. आवाज गढूळ वाटला तर वरचा भाग वाढवण्यापेक्षा २५० च्या आसपास थोडे कमी करून पाहावे. वाढवण्यापेक्षा कमी केल्याने गोष्टी लवकर स्पष्ट होतात, हा माझा अनुभव आहे.

गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) आणि मास्टर (बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी) यांत गल्लत करू नये. सर्वांत जोरात छेडल्यावर क्लिपचा (आवाज फाटत असल्याचा) दिवा क्षणभर लुकलुकेल इतपत गेन ठेवावा आणि आवाजाची पातळी मास्टरने ठरवावी.

वॅटच्या आकड्याने दिपून जाऊ नये. शक्ती दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. घरच्या सरावाला २०–३० वॅट पुरतात, पण ड्रमरबरोबर वाजवायचे तर ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प ३०० वॅटच्या आसपासचा असलेला बरा, कारण खालच्या स्वरांना शक्ती फार लागते. १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी हा ३०० वॅटचा, व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारा अ‍ॅम्प आणला आणि त्याला दहा इंची आठ स्पीकरच्या कॅबिनेटची जोड दिली. रंगमंचावरच्या दणदणीत बेसची कल्पना पुष्कळ अंशी त्या जोडीवरून रुळली. आजचे क्लास-डी प्रकारचे अ‍ॅम्प तेवढीच शक्ती दोन-तीन किलोंत देतात आणि लोकलने प्रवास करणाऱ्या वादकाला यापेक्षा मोठे वरदान नाही.

कॅबिनेट जोडताना ओहमचे (विद्युत रोधाचे) गणित चुकवू नये. ८ ओहमची दोन कॅबिनेट नेहमीच्या समांतर जोडणीत मिळून ४ ओहम होतात. ४ ओहमची दोन जोडली तर २ ओहम होतात आणि अ‍ॅम्पच्या पाठीवर किमान ४ असे लिहिलेले असेल तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालवू नये. अ‍ॅम्प ते कॅबिनेट यांमध्ये स्पीकरचीच केबल लावावी. गिटारची केबल दिसायला सारखी असली तरी तिच्या आतली तार बारीक असते. परदेशातून आणलेल्या अ‍ॅम्पवर ११५ व्होल्ट लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो घालण्याआधी पाठीमागचा व्होल्टेजचा खटका पाहावा, आणि खटकाच नसेल तर ट्रान्सफॉर्मर घ्यावा.

पेडल

पहिले पेडल ट्यूनर असावे, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरे बहुधा कॉम्प्रेसर. त्याचे काम जोरात आलेला स्वर थोडा दाबून सगळे स्वर एका पातळीवर आणणे हे आहे. रेशो (किती दाबायचे ते प्रमाण) ४:१ ठेवावा. अ‍ॅटॅक (दाबणे सुरू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा, म्हणजे बोटाचा पहिला ठोका तसाच निसटून जातो आणि त्यामागचा स्वर तेवढा दाबला जातो. रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) असा ठेवावा की पुढचा स्वर येईपर्यंत सुई किंवा दिवा जागेवर परतलेला असेल. थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाबणे सुरू होते ती) हळूहळू खाली आणत जावा आणि जोराच्या स्वरांवर ३ ते ६ डेसिबल कमी होताना दिसले की थांबावे. पेडल चालू आहे हे कळत नाही, पण बंद केल्यावर चुकल्याचुकल्यासारखे वाटते, असे झाले की ते नीट बसले म्हणावे.

ओव्हरड्राइव्ह (आवाजाला खरखर आणणारे पेडल) घेताना ब्लेंडचे (मूळ आणि बदललेला आवाज मिसळण्याचे) बटण असलेलेच घ्यावे. गिटारसाठी बनवलेल्या पेडलमध्ये खालचा भाग मुद्दाम कापलेला असतो, त्यामुळे बेस त्यातून गेला की गाण्याचा पायाच सरकतो. ब्लेंडने मूळ स्वच्छ आवाज खाली तसाच राहतो आणि त्याच्यावर खरखर चढते. कोरसचेही (एक सूर अनेकांनी वाजवल्यासारखा करणाऱ्या पेडलचेही) तेच, तो फक्त वरच्या स्वरांवर असला तर सुखद वाटतो, खर्जावर गेला तर सूर डळमळल्यासारखा वाटतो.

क्रमाचे म्हणाल तर ऑक्टेव्ह पेडलला (एक सप्तक खालचा किंवा वरचा स्वर जोडणाऱ्या) स्वच्छ, एकेक स्वर लागतो, म्हणून ते ड्राइव्हच्या आधी ठेवावे. बोटाच्या जोरावर उघडमीट करणारा एन्व्हलप फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी ठेवावा, कारण कॉम्प्रेसरने तो जोरच सपाट केलेला असतो. पेडलना वीज देताना वेगवेगळे आयसोलेटेड आउटपुट असलेला पुरवठा घेतला तर घरघर टळते. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि पिनचा मध्य ऋण असतो, पण नवे पेडल जोडण्याआधी त्यावरचे चिन्ह एकदा पाहून घ्यावे.

मांडवात, मिक्सरकडे

मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षकांना ऐकू येतो तो डीआयमधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या जोडणीतून) मिक्सरकडे गेलेला आवाज. आपला अ‍ॅम्प बव्हंशी आपल्यापुरता असतो. अ‍ॅम्पच्या डीआयवर प्री (बटणांच्या आधीचा सिग्नल) आणि पोस्ट (बटणांनंतरचा) असा खटका असतो. साउंडवाल्याशी ओळख नसेल तर प्री ठेवावे, म्हणजे आपण रंगमंचावर बटणे फिरवली तरी त्याचा हिशेब बिघडत नाही. पेडलच आपला टोन घडवत असतील, तर पेडलनंतरचा सिग्नल त्याच्याकडे जाईल याची खात्री साउंड चेकमध्येच करून घ्यावी, आणि सर्वांत मोठ्या आवाजाचे पेडल आधी दाखवावे, म्हणजे ऐन गाण्यात त्याला दचकावे लागत नाही.

मांडवातली वीज कुठून कशी ओढलेली असते ते सर्वांना ठाऊक आहे. विजेची घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर येते. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ चा आणि मोकळी जी तार ९८ ची, त्यामुळे ही घरघर बेसच्या स्वरात लपून बसते आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत उघडी पडते. डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा (मिक्सरकडे जाणाऱ्या सिग्नलचे ग्राउंड तोडणारा) खटका दाबून पाहावा. अ‍ॅम्प आणि मिक्सर शक्यतो एकाच फेजवरून घ्यावेत, आणि रोषणाईच्या डिमरच्या वायरपासून आपली केबल दूर न्यावी. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो कधीही मानू नये. एका हातात तारा आणि तोंडाजवळ माइक असताना त्या पिनेवर जीव अवलंबून असतो. अर्थिंग ठीक आहे की नाही याची शंका आली, तर मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड तपासून घ्यावा आणि तोवर केबल खोचू नये.