शेफ व्हायचंय? कॉलेज निवडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्यात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. पांढऱ्या टोपीतला शेफ, मागं क्रूझ आणि खाली '१०० टक्के प्लेसमेंट'. बाप कापसाचे पैसे मोडून फी भरतो आणि पोरगं तीन वर्षं वह्या लिहितं. हे टाळायचं असेल तर एकच गोष्ट धरून बसा: तिथं तुमचा स्वतःचा हात गॅसवर किती वेळ असणार?

किचन न बघता फी भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रवेशाच्या दिवशी एसी रिसेप्शन दाखवतात. तुम्ही 'किचन दाखवा' म्हणा, आणि तेही प्रॅक्टिकल चालू असताना. बऱ्या संस्थेत बेसिक, क्वांटिटी (मोठ्या प्रमाणातल्या स्वयंपाकाचं) आणि अॅडव्हान्स्ड अशी वेगवेगळी ट्रेनिंग किचन असतात, शिवाय बेकरी. एका बर्नरमागं किती पोरं आहेत ते मोजा. शिक्षक डेमो देतोय आणि बाकीचे वह्या घेऊन उभे, तर त्याला बघणं म्हणतात. चॉपिंग बोर्डवर सुरीचा ओरखडा नाही, कढयांचं बूड काळवंडलेलं नाही, बर्नर नवेकोरे. मग समजून जा, इथं फारसं रांधलं जात नाही. प्रॅक्टिकलचा कच्चा माल, सुऱ्यांचा संच, युनिफॉर्म, सेफ्टी शूज फीमध्येच आहेत का वेगळे, हे लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' म्हणणाऱ्यावर अजिबात विसंबू नका.

प्लेसमेंटच्या आकड्याला भुलणं

मागच्या बॅचमधली पोरं कोणत्या हॉटेलात, कोणत्या हुद्द्यावर लागली ते विचारा. किचनमध्ये कॉमी-थ्री, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा शेफ म्हणून लागणं वेगळं आणि बँक्वेटमध्ये ताटं उचलणं वेगळं. फ्लेक्सवर दोन्ही प्लेसमेंटच. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्याला फोन लावा. तो अजून किचनमध्ये टिकून असेल तर निम्मं उत्तर मिळालं.

कोर्सची गल्लत

हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीत फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस हे सगळं येतं, स्वयंपाक हा त्यातला एक भाग. केंद्राच्या आयएचएममधल्या (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) बी.एस्सी.साठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला इंग्रजी विषय लागतो. मुंबईचं आयएचएम दादरला आहे. बी.एच.एम.सी.टी. या हॉटेल मॅनेजमेंटच्या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते. ज्याला फक्त किचनच हवंय आणि घरची परिस्थिती बेताची आहे, त्यानं दहावीनंतरचा आयटीआयचा फूड प्रॉडक्शन ट्रेड आधी बघावा. एक वर्षाचा असतो आणि त्यापुढं हॉटेलात अॅप्रेंटिसशिप करता येते. लोक त्याला हलकं समजतात, मला तो मार्ग कित्येक महागड्या डिप्लोम्यांपेक्षा सरस वाटतो. 'आंतरराष्ट्रीय डिप्लोमा' असं नाव दिसलं की प्रमाणपत्र कोण देतं ते विचारा. पदवी असेल तर विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत स्वतः शोधा.

मांसाहाराचा प्रश्न मागं ठेवणं

आपल्याकडं शाकाहारी घरं भरपूर. आणि नेहमीच्या अभ्यासक्रमात कोंबडी तोडणं, मासळी साफ करणं येतंच. पहिल्या सहामाहीत पोरगं बिथरतं आणि वर्ष वाया जातं. अहमदाबाद, भोपाळ आणि जयपूरच्या आयएचएमनं काही वर्षांपूर्वी शाकाहारी पर्याय आणला होता. यंदाच्या माहितीपत्रकात तो आहे का, हे अर्ज भरण्याआधी बघा.

हात न आजमावता निघणं

घरी दहा माणसांची शेवभाजी जमते म्हणून शेफ होता येत नाही. हिवाळ्यात भरीत पार्ट्यांना एखाद्या आचाऱ्याच्या हाताखाली जा. कपाशीच्या काड्यांवर ढीगभर वांगी भाजायची, धुरात डोळे चोळत सोलायची, बडगीत (लाकडी उखळीत) ठेचायची आणि वर पंगत संपेपर्यंत उभं राहायचं. लग्नसराईत महिनाभर हे केल्यावरही मन तयार असेल, तर मग खुशाल फॉर्म भरा.

आणि फी आधीच भरली असेल तर?

लगेच सोडून देऊ नका. आधी फी परतीचा नियम वाचा आणि सगळ्या पावत्या जपून ठेवा. मग दोन-चार जण मिळून विभागप्रमुखांकडं प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लेखी मागा. एकट्याचं ऐकत नाहीत. इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचं हॉटेल मात्र संस्थेवर सोडू नका. नाशिक, पुणे, सुरतेतल्या हॉटेलांच्या एचआरला स्वतः अर्ज पाठवा आणि मुलाखतीत किचनच मागून घ्या. सुट्टीत केटररकडं काम करा. पाच किलो कांदा एकसारखा चिरता आला, तर ट्रायलच्या दिवशी शेफ आधी तुमचा चॉपिंग बोर्ड बघतो, कॉलेजचं नाव नंतर विचारतो.